नव्या इमारतीला वाहनतळ नाही आणि रस्त्याचा परवानाही नाही: हे प्रत्यक्षात चालते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या वस्तीत रस्त्याकडेला गाडी लावायची तर रहिवासी परवाना लागतो. तेथे साठएक सदनिकांची नवी इमारत येऊ घातली आहे. तिला स्वतःचे वाहनतळ नसेल आणि तिच्या रहिवाशांना रस्त्यावरचा परवानाही मिळणार नाही, असे नियोजन प्राधिकरण सांगते, आणि या प्रस्तावावर सुनावणी व्हायची आहे. आपल्या शंका दोन आहेत. लोक गाड्या घेतीलच आणि त्या शेवटी आमच्याच रस्त्यावर येतील, ही पहिली. आणि एकाच रस्त्यावर राहणाऱ्यांपैकी जुन्यांना परवाना व नव्यांना नकार हा भेदभाव नाही का, ही दुसरी.

रस्त्याकडेच्या पार्किंगचे नियोजन करण्यात माझी वीसएक वर्षे गेली आहेत. अशा इमारतींबाबत मी विकासकाचा सल्लागार म्हणूनही काम केले आहे आणि परवाने देणाऱ्या कार्यालयाच्या बाजूनेही. या अनुभवावरून सांगतो की इमारत मोटारमुक्त राहील की नाही हे तिच्या आराखड्यावरून कळत नाही, ते भोवतालच्या रस्त्यावरून कळते. परवाना नाकारण्याची अट खरोखर अमलात येणारी असेल, तर आपली पहिली भीती बरीचशी अनाठायी आहे. ती अट नुसती कागदावर असेल, तर आपण घाबरला आहात त्याहून जास्त घाबरायला हवे.

आधी परवाना म्हणजे काय, हे पाहू. परवाना म्हणजे जागेची मालकी नव्हे आणि राखीव जागाही नव्हे. ठरलेल्या क्षेत्रात मोकळी जागा सापडली तर तेथे गाडी लावण्याची ती मुभा आहे. ही पद्धत मुळात निघाली ती बाहेरून येणाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या आर्लिंग्टन काउंटीने कार्यालयांजवळच्या एका वस्तीत दिवसा रहिवाशांखेरीज इतरांना रस्त्यावर गाडी लावण्यास मनाई केली, तेव्हा तेथे गाडी ठेवून कामाला जाणारे लोक न्यायालयात गेले. समान वागणुकीच्या घटनात्मक हमीचा हा भंग आहे, असे त्यांचे म्हणणे होते आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. परंतु १९७७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. गर्दी, गोंगाट आणि हवेचे प्रदूषण कमी करण्यासाठी रहिवासी आणि बाहेरचे असा फरक करणे घटनेच्या विरोधात नाही, असे त्या न्यायालयाने ठरवले.

हा इतिहास सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. जे साधन दिवसा येणाऱ्या पाहुण्या गाडीविरुद्ध बनवले गेले, तेच आता रात्री मुक्कामाला येणाऱ्या गाडीविरुद्ध वापरले जात आहे, आणि त्यासाठी ते आपोआप योग्य ठरत नाही. अनेक ठिकाणी परवान्याचे बंधन दिवसातून एकच तास, बहुधा मध्यान्हाच्या सुमारास, लागू असते. कार्यालयात जाणाऱ्याला हटवायला तेवढे पुरते, कारण त्याची गाडी नेमकी त्याच वेळी उभी असते. पण नव्या इमारतीत राहणारा आणि रोज गाडीने कामाला जाणारा माणूस सकाळी आठला निघून संध्याकाळी सातला परततो. त्या एका तासाशी त्याचा संबंधच येत नाही. म्हणून आपल्या रस्त्यावरचे बंधन किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत आहे, हा मी विचारणारा पहिला प्रश्न असतो. ते रात्री उशिरापर्यंत आणि सुट्टीच्या दिवशीही लागू नसेल, तर परवाना नाकारण्याच्या अटीला दात नाहीत.

दुसरा प्रश्न क्षेत्राच्या सीमेचा. परवाना क्षेत्र जेथे संपते तेथून इमारत चालत चार मिनिटांवर असेल, तर गाड्या सीमेपलीकडच्या पहिल्या दोन गल्ल्यांत जाऊन बसतात. आपला रस्ता वाचतो आणि शेजाऱ्यांचा जातो. मग ते शेजारी परवाना मागतात, क्षेत्र वाढते आणि तोच खेळ पुढच्या गल्लीत सुरू होतो. लंडनमध्ये अशा प्रस्तावांसाठी रात्रीची मोजणी करण्याची जी पद्धत लॅम्बेथ या बरोच्या (बरो म्हणजे लंडनमधला स्थानिक प्रशासकीय विभाग) नावाने ओळखली जाते, तीत इमारतीपासून साधारण २०० मीटर चालण्याच्या अंतरातले रस्ते धरतात, मोजणी मध्यरात्रीनंतर साडेबारा ते पहाटे साडेपाच या वेळात, आठवड्याच्या मधल्या दोन रात्री करतात आणि एका गाडीला पाच मीटर लांबी धरतात. रात्री मोजायचे कारण उघड आहे: त्या वेळी प्रत्येक जण घरी असतो आणि रस्त्यावरची गाडी रहिवाशाचीच असते. पद्धत चांगली आहे. माझी तक्रार एवढीच की २०० मीटर हे अंतर परवाना असलेल्या माणसाच्या आळसावर बेतलेले आहे. परवाना नसलेला माणूस फुकटच्या जागेसाठी याच्या दुप्पट चालतो. म्हणून सीमा जवळ असेल तर मी नेहमी तिच्यापलीकडेही मोजणी करून घेतो.

आता कायद्याची बाजू, कारण बहुतेक चुका तेथे होतात. नियोजन प्राधिकरणाने विकासकाकडून लिहून घेतले की ‘येथील रहिवासी परवाना मागणार नाहीत’, तर ते वचन पुढे कोणाला बांधील? लंडनमध्ये हा प्रश्न न्यायालयात चांगलाच गाजला. इंग्लंडमध्ये विकासकाशी नियोजन करार १९९० च्या कायद्याच्या कलम १०६ खाली होतात आणि त्या कलमाने जमिनीच्या वापरावर बंधन घालता येते. २०१३ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाने म्हटले की परवान्यासाठी अर्ज न करणे हे व्यक्तीवरचे बंधन आहे, त्या जमिनीच्या वापरावरचे नव्हे, त्यामुळे ते या कलमात बसत नाही. २०१७ मध्ये केन्सिंग्टन आणि चेल्सी या बरोच्या प्रकरणात अपील न्यायालयाने कलम १०६ बाबत हेच मत ठेवले, पण करार वाचवला तो लंडनपुरत्याच लागू असलेल्या १९७४ च्या एका जुन्या कायद्याच्या कलम १६ च्या आधारे. म्हणजे लंडनमध्ये तरले ते त्या जुन्या कलमामुळे. इतरत्र तसाच मजकूर उतरवून घेतला तर तो तरेलच असे नाही, आणि मी असे उतरवून घेतलेले मसुदे पाहिले आहेत.

अधिक भक्कम मार्ग वेगळा आहे. परवाना कोणत्या पत्त्यांना मिळू शकतो हे ज्या वाहतूक आदेशात लिहिलेले असते, त्या आदेशातच नव्या इमारतीचा पत्ता वगळावा. तेथे कोणाच्या वचनाचा प्रश्न उरत नाही. पत्ता पात्र नाही, एवढेच. घर विकले, भाड्याने दिले, वारसाकडे गेले, तरी स्थिती बदलत नाही.

‘पत्ता’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. एका ठिकाणी परवानगीच्या कागदांत इमारतीची ओळख भूखंडाच्या नावाने होती. बांधकाम पूर्ण झाल्यावर तिला बाजूच्या गल्लीचे क्रमांक मिळाले, आणि परवाना कार्यालयाच्या संगणकात वगळलेल्या पत्त्यांच्या यादीत मात्र जुने नावच राहिले. रहिवाशांनी अर्ज केले, खिडकीवरच्या माणसाने यादी पाहिली, नाव सापडले नाही, परवाने दिले. कोणाचा हेतू वाईट नव्हता. चूक लक्षात येईपर्यंत काही महिने गेले आणि दिलेले परवाने परत घेण्याची हिंमत मग कोणी केली नाही. तेव्हापासून इमारतीत पहिले कुटुंब राहायला येण्यापूर्वी अंतिम पत्ते परवाना यादीत वगळले गेल्याचे लेखी पत्र मिळावे, अशी अट मी आग्रहाने घालायला लावतो. कंटाळवाणी अट आहे, पण माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोगाची.

गळतीच्या इतर वाटाही आहेत. पाहुण्यांसाठी दिले जाणारे एका दिवसाचे पास नव्या इमारतीला भरपूर मिळाले, तर तेच रहिवाशांचे परवाने होतात. म्हणून त्यांची वार्षिक संख्या बांधलेली असावी. गाडी जवळच राहणाऱ्या नातेवाइकाच्या पत्त्यावर नोंदवून त्याच्या नावाने परवाना काढणे हाही जुना मार्ग आहे, आणि तो पूर्ण बंद करता येत नाही. एका घराला एकच परवाना असा नियम असेल तर त्याचे प्रमाण कमी राहते.

आपली भीती बरीचशी अनाठायी का म्हटले, ते आता सांगतो. अशा इमारतीत कोण राहायला येते हे आधीच चाळले जाते. ज्याच्याकडे गाडी आहे आणि जो ती सोडणार नाही, तो माणूस गाडी ठेवायला जागा नाही हे कळल्यावर दुसरे घर बघतो. मात्र त्याला ते कळायला हवे, आणि नेमके ते लपवण्याकडे विक्रेत्याचा कल असतो. घर घेऊन झाल्यावर परवाना कार्यालयाच्या खिडकीवर ज्याला पहिल्यांदा नकार मिळतो, तो माणूस चिडतो आणि त्याचे चिडणे रास्त असते. जाहिरातीत, विक्री करारात आणि भाडेकरारात हे ठळकपणे छापण्याची सक्ती असावी.

व्हिएन्नाच्या फ्लोरिड्सडॉर्फ भागातली २४४ सदनिकांची मोटारमुक्त वसाहत १९९९ मध्ये पूर्ण झाली. तेथे स्वतःची गाडी ठेवणार नाही, ही अट भाडेकरारातच आहे आणि गरजेपुरती सामायिक गाडी वापरण्याची मुभा आहे. गॅरेज बांधण्यात जाणारा पैसा सामायिक सोयींवर आणि गच्चीवरच्या बागांवर खर्च करता आला. हा पैसा थोडाथोडका नसतो. एका गाडीच्या आखलेल्या जागेला साडेबारा चौरस मीटर लागतात, पण वळण्याची वाट आणि उतार धरला तर तळघरात गाडीमागे पंचवीस ते तीस चौरस मीटर जातात. म्हणजे एक लहान सदनिकाच म्हणा ना.

जर्मनीतील फ्रायबुर्ग शहरामधली फॉबाँ ही वसाहत जुन्या लष्करी बराकींच्या जागेवर उभी आहे. ज्याच्याकडे गाडी आहे त्याने वसाहतीच्या कडेच्या बहुमजली वाहनतळात जागा विकत घ्यायची. घराची किंमत वेगळी, गाडीच्या जागेची वेगळी. ज्याच्याकडे नाही त्याने तसे घोषणापत्र द्यायचे. राज्याच्या बांधकाम कायद्यानुसार घरटी पार्किंगची जागा दाखवणे भाग होते, म्हणून गाडी नसलेल्या कुटुंबांच्या संस्थेने एक मोकळा भूखंड राखून ठेवला. उद्या गरज पडलीच तर त्यावर वाहनतळ बांधता येईल, आणि तोवर ते मैदान. कायद्याचे समाधान आणि मुलांना खेळायला जागा, दोन्ही एकाच तुकड्यावर, ही युक्ती मला फार आवडते.

आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचे उदाहरण ॲम्स्टरडॅममधील जीडब्ल्यूएल वसाहतीचे आहे. जुन्या पाणीपुरवठा केंद्राच्या जागेवर नव्वदच्या दशकात सुमारे ६०० घरे झाली, आत गाड्या नाहीत, कडेला थोड्याच जागा आहेत आणि त्या सोडतीने व प्रतीक्षायादीने मिळतात. भोवतालच्या वस्तीत रहिवासी परवाना लागतो आणि या वसाहतीच्या लोकांना तो मिळत नाही. भोवतालच्या रस्त्यांवर परवान्याची शिस्त नसती, तर आतली शांतता शेजाऱ्यांच्या दारात उभ्या केलेल्या गाड्यांच्या जोरावर उभी राहिली असती.

एक गोष्ट मात्र आराखड्यांत हटकून राहून जाते. मोटारमुक्त इमारतीत गाड्या येत नाहीत असे नाही. मालकाच्या गाड्या येत नाहीत. पार्सलची व्हॅन, सामान हलवणारा ट्रक, नळदुरुस्तीवाला, टॅक्सी, रुग्णवाहिका, आजारी माणसाची काळजी घ्यायला दिवसातून दोनदा येणारी परिचारिका हे सगळे येतात, आणि घरी गाडी नसलेले लोक वस्तू जास्त मागवत असल्याने व्हॅन थोड्या जास्तच येतात. राहायला लोक आल्यानंतर शेजाऱ्यांच्या ज्या तक्रारी मी वाचल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक दुहेरी उभ्या केलेल्या व्हॅनबद्दल होत्या. खासगी गाड्यांचा नंबर त्यानंतर. इमारतीच्या दारासमोर माल चढवण्या-उतरवण्याची आखलेली जागा, कमाल वीस मिनिटांची, हवीच. ती रस्त्यावरच्या एक-दोन परवाना जागा काढून करावी लागते, म्हणून आधी जाहीर केली तर आरडाओरडा होतो. नंतर केली तर जास्त होतो.

दिव्यांगांची तरतूद हा औदार्याचा विषय समजू नये. २०२१ च्या लंडन आराखड्याने सार्वजनिक वाहतूक चांगली असलेल्या ठिकाणी मोटारमुक्त इमारत हाच प्रारंभबिंदू मानला, पण दहा किंवा अधिक घरांच्या प्रकल्पात ३ टक्के घरांना दिव्यांगांसाठीची जागा पहिल्या दिवसापासून द्यावी आणि आणखी ७ टक्के घरांना ती पुढे कशी देता येईल हे दाखवावे, असेही सांगितले. हे दुसरे वाक्य महत्त्वाचे आहे. माणूस चालता-फिरता राहायला येतो आणि दहा वर्षांनी काठी घेतो. तेव्हा त्याला घर सोडायला लावणारा नियम टिकत नाही आणि टिकूही नये. आपल्या साठ घरांच्या इमारतीत याचा अर्थ सुरुवातीला दोन आणि पुढे चार जागा.

सार्वजनिक वाहतूक नसलेल्या जागी हा प्रयोग करू नये. रात्रपाळीच्या माणसाला दोन वाजता घरी यायला बस नसेल, तर परवाना नाकारून त्याची गाडी जात नाही; ती फक्त लपते.

आता दुसरी शंका, न्यायाची. तीत तथ्य आहे, आणि ‘नव्यांना आधीच माहीत होते’ एवढ्या उत्तराने ती संपत नाही. रस्ता सर्वांचा आहे. आधी आलेल्या माणसाला दोन गाड्यांसाठी नाममात्र शुल्कात सार्वजनिक जमीन आणि नंतर आलेल्याला शून्य, ही व्यवस्था थोड्या काळापुरती समर्थनीय आहे, कायमची नाही. सुनावणीत ‘माझ्या दारासमोरची माझी जागा’ हे शब्द मी शेकडो वेळा ऐकले आहेत. बोलणाऱ्याचा त्रास खरा असतो, पण त्या वाक्याला आधार नसतो, आणि आपण ते उच्चारू नये असा माझा सल्ला आहे.

जपानने प्रश्न उलट बाजूने सोडवला. तेथे १९६२ च्या कायद्यानुसार गाडी ठेवायला रस्त्याबाहेर जागा असल्याचा दाखला पोलिसांकडून घ्यावा लागतो आणि ती जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावी लागते. रस्ता हे कोणाचेच गॅरेज नाही, जुन्याचेही नाही आणि नव्याचेही नाही. न्यायाच्या दृष्टीने हे सर्वांत स्वच्छ उत्तर आहे, पण जेथे रस्ते आधीच गाड्यांनी भरले आहेत तेथे ते एका रात्रीत आणता येत नाही.

मधला मार्ग शुल्काचा, आणि तो कसा फसतो हेही फ्रायबुर्गनेच दाखवले. जर्मनीत रहिवासी परवान्याचे वार्षिक शुल्क संघराज्याच्या नियमाने ३०.७० युरोपर्यंतच घेता येत असे. २०२० मध्ये कायदा बदलला आणि राज्यांना व त्यांच्यामार्फत शहरांना मोकळीक मिळाली. फ्रायबुर्गने गाडीच्या लांबीनुसार २४०, ३६० आणि ४८० युरो असे टप्पे केले आणि काही गटांना सवलत दिली. जून २०२३ मध्ये संघीय प्रशासकीय न्यायालयाने ते नियम रद्द केले. त्यांचा कायदेशीर प्रकारच चुकला होता, लांबीतल्या जेमतेम अर्ध्या मीटरच्या फरकाने शुल्क दुप्पट होणे समानतेत बसत नव्हते आणि सामाजिक सवलतींना कायद्यात आधार नव्हता. मात्र रक्कम मोठी असण्याला न्यायालयाने आक्षेप घेतला नाही, ही बाब बातम्यांच्या गडबडीत मागे पडली. शुल्क वाढवता येते. ते नीट मोजून, टप्पे गुळगुळीत ठेवून वाढवावे लागते. त्या पैशाचा काही भाग त्याच रस्त्यांच्या दुरुस्तीला, झाडांना आणि पदपथांना मिळाला तर रहिवासी वाढ सोसतात, हे डोनाल्ड शूप या अमेरिकन अभ्यासकाने वर्षानुवर्षे मांडले आणि माझा अनुभवही तसाच आहे.

जुन्यांच्या बाबतीत मी सुचवतो ते असे: आज ज्याच्याकडे परवाना आहे त्याचा काढून घेऊ नये, पण घर विकले गेले की तो परवाना घराबरोबर नव्या मालकाकडे जाऊ नये, दुसऱ्या गाडीचा परवाना पहिल्याहून बराच महाग असावा, आणि क्षेत्रातील एकूण परवान्यांवर तेथील जागांच्या संख्येनुसार मर्यादा असावी. अशा रीतीने पंधरा-वीस वर्षांत जुना आणि नवा हा फरक आपोआप विरतो. जुन्या रहिवाशांना हे आवडत नाही. पण नव्या इमारतीवर कडक अट मागणाऱ्याने आपल्या परवान्याला हात लावू न देणे, हे सुनावणीत बसलेल्या सदस्यांनाही दिसते.

आपल्या सुनावणीसाठी म्हणून मी एवढेच मागेन. नव्या पत्त्यांचे वगळणे वाहतूक आदेशात यावे. बंधनाचे तास रात्रीपर्यंत आणि सुट्टीच्या दिवशीही वाढवण्याचा आदेश इमारत वापरात येण्यापूर्वी निघावा. त्या आदेशाचा, फलकांचा आणि सीमेपलीकडे क्षेत्र वाढवावे लागल्यास त्याचाही खर्च विकासकाने आधीच जमा करावा, कारण घरे विकून झाल्यावर तो पैसा मागायला कोणी उरत नाही. रात्रीची मोजणी आता एकदा, राहायला लोक आल्यावर वर्षाने एकदा आणि तिसऱ्या वर्षी एकदा, त्याच रस्त्यांवर, त्याच पद्धतीने व्हावी. तिच्या रात्री आजच ठरवून घ्या, आणि त्या शाळांच्या सुट्टीत किंवा सणाच्या आठवड्यात येणार नाहीत हे पाहा; अर्धी वस्ती बाहेरगावी असताना केलेली मोजणी सादर होताना मी एकदा नव्हे, तीनदा पाहिली आहे.